ढिल्या रिंगा आवळल्या, आता झिरो राहिला का?

"मामा, स्कोप हलतोय. आवळून टाकू का?"

रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. मागच्याच महिन्यात त्याने स्प्रिंगची .१७७ (४.५ मिलिमीटर) एअर रायफल घेतली, वर ३-९×४० ची (तीन ते नऊ पट, ४० मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण, म्हणजे स्कोप, चढवली, आणि सोलापूरजवळ होटगीच्या बाजूला त्यांच्या शेतात मातीच्या बांधापुढे कागद लावून सराव सुरू केला. दोनशेएक छरे झाल्यावर स्कोप धरणारी पुढची रिंग बोटाने हलायला लागली होती.

"थांब," मी म्हटलं. "ॲलन की खाली ठेव. आधी मास्किंग टेप आण आणि पेन."

त्याला वाटलं मामाने ऐकलंच नाही. पण या कामात क्रम हाच आहे, आधी खूण आणि मग पाना. सरळ उत्तर हवं असेल तर ते असं: हो, ढिल्या रिंगा परत आवळल्या की झिरो, म्हणजे स्कोपची रेघ जिथे धरली तिथेच छरा लागावा अशी जुळवणी, बहुतेक वेळा सरकतो. कधी केसभर, कधी चार बोटं. किती सरकेल हे आवळण्याआधी कोणालाच सांगता येत नाही. म्हणून रिंगच्या स्क्रूला पाना लागला की झिरो गेला असं धरायचं, आणि तो कागदावर परत मिळवायचा. मोठ्या बोअरची (रुंद नळीची) रायफल असो, लहान काडतुसाची .२२ असो की स्प्रिंगची एअर रायफल, तिन्हींना हा नियम सारखाच.

माझे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवणारे कारागीर, होते. मिनिटाला शंभरावर फटके खाणाऱ्या मागाचे नट रोज थोडे थोडे सुटतात. वडील प्रत्येक महत्त्वाच्या नटावरून फ्रेमवर खडूची एक सलग रेघ ओढून ठेवायचे. सकाळी कारखान्यात शिरले की नजर आधी त्या रेघांवर. रेघ तुटली असेल तर नट फिरलाय. मग नुसता नट आवळून ते पुढे जात नसत. धोट्याची पेटी सरळ आहे का, दांडा जागेवर आहे का, हे बघून मगच माग सुरू करायचे. "नट सुटला म्हणजे त्यानं धरलेली वस्तू पण हलली," असं ते म्हणायचे. स्कोपच्या रिंगांचं काम मी त्या एका वाक्यावर शिकलो.

एवढंसं हलल्यानं एवढा फरक का पडतो

दोन रिंगांमधलं अंतर साधारण १० सेंटीमीटर धरा. वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. असा एक कागद पुढच्या रिंगखाली सरकवला, तर स्कोपचा कोन १० सेंटीमीटरमागे ०.१ मिलिमीटरने बदलला, म्हणजे हजारात एक. हाच हजारात एक २५ मीटरवर अडीच सेंटीमीटर होतो आणि १०० मीटरवर १० सेंटीमीटर. कागदाच्या जाडीएवढी हालचाल डोळ्याला दिसत नाही, बोटालाही जेमतेम लागते. निशाण्यावर ती वितीच्या अर्ध्याएवढी होऊन बसते.

आता ढिली रिंग आवळताना आत काय होतं ते बघा. वरची कमान, म्हणजे रिंगची टोपी, स्कोपच्या नळीला खालच्या अर्ध्या खोबणीत दाबते. ढिली असताना नळी खोबणीत नेमकी कुठे टेकली होती आणि आवळल्यावर कुठे टेकली, या दोन जागा एक असतीलच असं नाही. डावीकडचे स्क्रू आधी आवळले तर टोपी नळीला त्या बाजूला ओढते आणि थोडी फिरवतेही. आवळण्याच्या शेवटच्या पाव फेऱ्यात रेटिकलची, म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या फुलीची, उभी रेघ कललेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे.

नळी फिरल्याचा दुष्परिणाम बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. टरेटचे (स्कोपवरच्या जुळवणीच्या बटणाचे) क्लिक खर्च करून रेटिकल मधल्या जागेपासून जितकं लांब नेलेलं असेल, तितका तो मोठा होतो. समजा झिरो करताना रेटिकल मध्यापासून २० मिनिटं (एमओए, एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर गेलं आहे आणि आता नळी ५ अंश फिरली. तर निशाणा सुमारे पावणेदोन मिनिटं आडवा सरकतो, १०० मीटरवर ५ सेंटीमीटर. शिवाय कललेल्या रेटिकलवर वरचे क्लिक सरळ वर जात नाहीत, तिरके जातात.

तिसरं कारण ढिलेपणातच घडून गेलेलं असतं. रिंग सैल असताना जे फटके बसले त्यांनी स्कोप आधीच पुढेमागे सरकवलेला असतो. तो सरकला होता तिथेच तुम्ही त्याला घट्ट बसवता, आणि झिरो मात्र जुन्या जागेचा आठवत राहता.

मग काही वेळा "आवळलं आणि काहीच झालं नाही" असं लोक सांगतात ते खोटं का? नाही. चारपैकी एकच स्क्रू किंचित सैल होता आणि बाकीच्या तिघांनी नळी धरून ठेवली होती, तर फरक तुमच्या ग्रुपच्या, म्हणजे एकाच निशाण्यावर मारलेल्या छऱ्यांच्या झुबक्याच्या, आकारापेक्षा कमी असू शकतो, आणि तो कागदावर दिसत नाही. पण दिसत नाही हे कागद पाहूनच कळतं.

खूण, आणि नेमकं सैल काय आहे

बंदूक आधी रिकामी. मॅगझीन बाहेर, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासलेलं, बोल्ट-ॲक्शन असेल तर बोल्ट काढून बाजूला. स्प्रिंगच्या रायफलमध्ये छरा नाही आणि स्प्रिंग चढवलेली नाही, हे बघा. घरातलं कोणी मध्येच येऊन हात लावणार नाही अशी जागा निवडा. मी हे काम दाराला कडी लावूनच करतो.

आता नळीवर दोन्ही रिंगांना अगदी टेकवून मास्किंग टेपच्या पट्ट्या लावा, आणि टेपवरून रिंगवर बारीक रेघ ओढा. नळी पुढेमागे सरकली तर टेप आणि रिंगमध्ये फट पडेल, फिरली तर रेघ तुटेल. रिंग आणि खालची पट्टी यांच्या सांध्यावर तशीच एक रेघ. मोबाइलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढे दोन तास वाचतात.

मग हलतंय काय ते शोधा. पुष्कळ जण रिंगवरच नजर ठेवतात आणि खरा दोष खाली राहतो. हलण्याच्या जागा अशा, वरून खाली: नळी रिंगमध्ये फिरते का, रिंग पट्टीवर सरकते का, पट्टी म्हणजे बेस रिसीव्हरवर (बंदुकीच्या मधल्या धातूच्या भागावर) हलते का, आणि रिसीव्हरच लाकडी दस्त्यात हलतो का. एक बोट सांध्यावर, अर्धं वर अर्धं खाली, आणि दुसऱ्या हाताने स्कोप हळूच डावीउजवीकडे ढकला. बोटाखालचा सांधा सरकला तर नखाला जाणवतं. असं प्रत्येक सांध्यावर.

भाच्याच्या रायफलीत तसंच निघालं. तो म्हणत होता रिंग, पण पुढच्या रिंगचा खालचा क्लँप रायफलीवर कोरलेल्या ११ मिलिमीटरच्या डोव्हटेल खाचेवर सैल होता. वरच्या टोपीचे चार स्क्रू ठीक होते. त्याने फक्त टोप्या आवळल्या असत्या तर नळी दाबली गेली असती आणि दोष तिथेच राहिला असता.

स्प्रिंगच्या एअर रायफलीबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तीच असते. तिचा फटका दोन दिशांचा असतो. स्प्रिंग सुटते तेव्हा रायफल मागे जाते, आणि पिस्टन पुढे जाऊन आदळला की रायफल पुढे झटका खाते. त्या दुसऱ्या झटक्यात स्कोप आपल्या जागी राहू बघतो, म्हणून तो रायफलवर हळूहळू मागे सरकतो. काडतुसाच्या रायफलीत उलटं, तिथे रायफल मागे जाते आणि स्कोप तिच्यावर पुढे सरकू बघतो. म्हणूनच काडतुसाच्या रायफलीवर पिकाटिनी (आडव्या खाचांच्या) पट्टीत रिंग बसवताना ती खाचेत पुढे ढकलून आवळतात, म्हणजे आडवा बोल्ट आधीच पुढच्या भिंतीला टेकलेला असतो. स्प्रिंगच्या रायफलीत मागच्या बाजूला स्टॉप पिन हवी आणि ती रायफलवरच्या भोकात खरोखर बसलेली हवी. भाच्याच्या माऊंटला, म्हणजे रिंगच्या बैठकीला, पिन होती, पण वर उचललेली. पिन न बसवता रिंग कितीही आवळली तरी महिन्याभरात ती परत मागे येणार.

सोडवा, पुसा, परत बसवा

इथे माझं मत ठाम आहे. सैल झालेली रिंग जागेवर जशी आहे तशी आवळू नका. दोन्ही रिंगा पूर्ण सोडून परत बसवा. झिरो तसाही तपासायचाच आहे, मग अर्धवट काम कशाला?

स्कोप काढून बाजूला स्वच्छ कपड्यावर ठेवा. रिंगांच्या आतल्या बाजूला आणि नळीवर तेल दिसेल, कारण बंदूक पुसताना हात सगळीकडे फिरतो. ते आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. भिंगावर एक थेंबही जाऊ देऊ नका. बेसचे स्क्रू काढले असतील तर त्यांच्या आट्याही पुसा. तेलकट आटीवर त्याच टॉर्कने (फिरवण्याच्या जोराने) जास्त ताण येतो, कारण घर्षण कमी झालेलं असतं. लोकांचे ॲल्युमिनियमचे आटे असेच जातात.

बेस आधी. रिसीव्हरला घट्ट करायच्या स्क्रूंवर मध्यम ताकदीचा निळा लॉकटाइट, २४२ किंवा २४३, एक लहान थेंब पुरतो. लाल नको, तो सोडवायला नंतर तापवावं लागतं. फेविक्विक तर कुठेच नको. रिंगच्या टोपीच्या स्क्रूंवर मी काहीच लावत नाही. कोरडे, स्वच्छ आणि योग्य टॉर्कवर आवळलेले स्क्रू सुटत नाहीत, आणि परत काढायची वेळ येते तेव्हा बरं पडतं.

रिंगा पट्टीवर बसवल्या की टोप्या न लावता स्कोप खालच्या अर्ध्या खोबणीत नुसता ठेवून बघा. दोन्ही खोबणीत तो सारखा टेकतो का? एका टोकाला हलका दाब दिल्यावर दुसरं टोक उचललं गेलं, तर दोन रिंगा एका ओळीत नाहीत. अशा स्थितीत टोप्या आवळल्या की नळी वाकते. बाहेरून दिसत नाही, पण आतली यंत्रणा ताणाखाली येते आणि क्लिक कधी कामाला येतात, कधी येत नाहीत. चांगल्या प्रतीच्या रिंगा घेणं हा सोपा उपाय. जुन्या रिंगा ग्राइंडिंग पेस्ट आणि सरळ दांडा वापरून घासून जुळवता येतात, पण ते काम येणाऱ्याकडूनच करून घ्या. एकदा जास्त घासलं गेलं की ती रिंग नळीला कधीच धरत नाही.

नळी पुढेमागे ठेवताना टरेटच्या जाड भागाला आणि पुढच्या फुगीर भागाला रिंग टेकणार नाही एवढी जागा ठेवा. डोळ्यापासूनचं अंतरही आताच बघायचं. तुम्ही रोज जसं गाल टेकवता तसं टेकवा, डोळे मिटा, मग उघडा. पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे, कडेला काळी सावली नको. काडतुसाच्या रायफलीवर डोळा आणि स्कोपमध्ये साडेसात ते नऊ सेंटीमीटर अंतर लागतं. कमी ठेवलं तर फटक्याबरोबर स्कोपची कड भुवईवर येते.

ओळंबा

उभी रेघ उभी करायला माझ्याकडे गवंड्याचा ओळंबा आहे. काहीही महाग लागत नाही.

रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवा. रिसीव्हरच्या सपाट भागावर किंवा पट्टीवर लहान पाणसळ ठेवून रायफल आधी समतल करा. समोर दहा-पंधरा मीटरवर, वारा लागणार नाही अशा जागी, ओळंबा टांगा. आमच्याकडे जुन्या वाड्याचा बोळ आहे, त्याच्या दुसऱ्या टोकाच्या खुंटीला मी टांगतो. पांढरी दोरी असेल तर मागे काळं कापड धरा. आता स्कोपमधून बघत नळी हाताने अलगद फिरवा, उभी रेघ दोरीवर बसेपर्यंत. रेघ आणि दोरी एक झाली की दोरी दिसेनाशी होते, आणि जराही कल असेल तर दोरी रेघेच्या एका बाजूला बाहेर डोकावते. डोळ्याच्या अंदाजाने कुणाला कधीच एवढं नेमकं जमत नाही.

हा कल किती महाग पडतो? .१७७ चा छरा २५ मीटरला साधारण १६० मीटर प्रति सेकंदाने जातो असं धरलं तर तो वाटेत १२ सेंटीमीटर खाली पडतो, आणि स्कोप बंदुकीच्या नळीच्या चार सेंटीमीटर वर असतो. रायफल ५ अंश कलली की छरा जवळजवळ दीड सेंटीमीटर आडवा जातो. झिरो एकाच अंतरावर केला तर हे क्लिकने लपवता येतं, पण अंतर बदललं की ते परत वर येतं.

आवळणं

टोप्या लावताना चारही स्क्रू आधी बोटाने, नंतर की हलकी टेकेल एवढेच. मग आडवेतिडवे, एकेकाला पाव फेऱ्यापेक्षा कमी. डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा, डावा मागचा, आणि मग दुसऱ्या रिंगवर. टोपी आणि खालच्या भागामधली फट दोन्ही बाजूंना सारखी दिसली पाहिजे. प्रत्येक फेरीनंतर ओळंब्याकडे बघा. रेघ फिरत असेल तर दोन्ही बाजू सैल करून परत. शेवटचा फेरा सगळ्यात जास्त फिरवतो, म्हणून तो सर्वांत हळू.

किती आवळायचं? रिंगच्या टोपीचे स्क्रू साधारण १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर. रिंग पट्टीला धरणारा बोल्ट किंवा नट त्याहून बराच जास्त घेतो, आणि तो आकडा बनवणाऱ्याप्रमाणे बदलतो, म्हणून डब्यातला कागद वाचा. त्यावर टोपीचा वेगळा आकडा दिला असेल तर माझा विसरा आणि तोच घ्या.

टॉर्क ड्रायव्हर नसेल तर ही युक्ती मी वापरतो. प्रवासात बॅग मोजायचा हुकाचा काटा असतो ना, तो घ्या. ॲलन कीची आखूड बाजू स्क्रूत बसवा, लांब बाजूवर स्क्रूच्या मध्यापासून बरोबर ५ सेंटीमीटरवर खूण करा, तिथे काट्याचा हुक अडकवा आणि कीला काटकोनात ओढा. काटा साडेतीन किलो दाखवतो तिथे थांबलात तर १.७ न्यूटन-मीटर झाले. हात तिरका गेला की आकडा खोटा, म्हणून काटकोन सोडू नका. एकदा हे करून बघितलं की बोटाला अंदाज येतो, आणि पूर्वी आपण किती जास्त आवळत होतो तेही कळतं. बहुतेकांनी नळीवर रिंगच्या कडेचा चकचकीत वळ पाडलेला असतो, तो जास्त आवळल्याचाच.

सगळं झालं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. वडिलांचा खडू तोच, फक्त टिकाऊ. पुढच्या वेळी "सैल झालंय वाटतं" असं म्हणायची वेळ येणार नाही. रेघ सांगेल.

कागदावर

सोलापुरात मार्च ते जूनमध्ये हे काम सकाळी आठच्या आत उरका. पारा चाळिशीच्या वर गेला की जमिनीवरची हवा थरथरते आणि नऊ पट मोठं केलेल्या चित्रात काळा गोल पाण्यात ठेवल्यासारखा नाचतो. बसवलेला स्कोप आपण उगाच दोषी धरतो.

मागे मातीचा भक्कम बांध, त्याच्या पलीकडे कोणी नाही याची खात्री, डोळ्यावर चष्मा. बोल्ट-ॲक्शन .२२ असेल तर रेंजवर बोल्ट काढून रायफल पिशव्यांवर ठेवा, मागून बंदुकीच्या नळीतून २५ मीटरवरचा काळा गोल मध्यभागी आणा, आणि रायफल न हलवता टरेटने रेटिकल त्याच गोलावर आणा. पहिली गोळी कागदावर पडेल, एवढ्यासाठी हे पुरेसं आहे. स्प्रिंगच्या रायफलीत नळीतून असं बघता येत नाही, म्हणून मोठा पुठ्ठा घेऊन १० मीटरपासून सुरू करा.

पुढची चूक इथे होते. एक गोळी मारली, डावीकडे गेली, पाच क्लिक. दुसरी उजवीकडे, तीन क्लिक परत. असं करून झिरो कधीच येत नाही. पाच मारा, त्यांचा ग्रुप बघा, ग्रुपचा मध्य काढा, आणि मग एकदाच क्लिक फिरवा. स्प्रिंगच्या रायफलीत हाताची पकडही ग्रुप हलवते, म्हणून पाचही वेळा पकड तीच.

हिशोब सोपा आहे. पाव मिनिटाचा एक क्लिक १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर, २५ मीटरवर १.८. भाच्याचा पहिला ग्रुप २५ मीटरवर १८ मिलिमीटर उजवीकडे आणि ९ मिलिमीटर खाली पडला. म्हणजे १० क्लिक डावीकडे, ५ वर. टरेटवरचा बाण छरा कुठे न्यायचा ते दाखवतो, रेटिकल कुठे जाईल ते नाही. क्लिक फिरवल्यावर परत पाच. मध्यावर आले की शेवटी अजून पाच, बंदूक जमिनीवर ठेवून, उठून, पाणी पिऊन, परत बसून. कारण झिरो म्हणजे उद्या सकाळीही तिथेच लागणं.

भाच्याच्या १८ आणि ९ मिलिमीटरचा अर्थ लावा. आवळण्याआधी त्याचा झिरो बरोबर होता. पुढचा क्लँप घट्ट झाला, पिन बसली, नळी सरळ झाली, आणि निशाणा दोन सेंटीमीटर हलला. पुढच्या रिंगपाशी ती हालचाल ०.१ मिलिमीटरपेक्षाही कमी होती.

झिरो परत परत जात असेल तर

माझ्या .२२ चं एकदा असं झालं, आणि ते मला आजही आठवतं. संध्याकाळी पुढची रिंग सैल वाटली म्हणून मी टोपीचे स्क्रू आवळले. खूण नाही, ओळंबा नाही. दुसऱ्या दिवशी ५० मीटरवर ग्रुप चार बोटं उजवीकडे. क्लिक फिरवले, मधे आला. दहा गोळ्यांनी परत उजवीकडे. परत फिरवले. पन्नासाच्या डब्यातली वीस काडतुसं गेली, आणि परवान्यावर मिळणारी काडतुसं मोजकीच असतात. शेवटी बोट सांध्यावर ठेवून ढकलून बघितलं तेव्हा कळलं, मागचा बेस हलत होता. टोपी आवळल्याने नळी घट्ट झाली आणि फटक्याचा सगळा भार सैल बेसवर गेला. मी क्लिकने त्याच्या मागे धावत होतो.

म्हणून नियम: झिरो दोनदा हलला की टरेटला हात नाही. नेलपॉलिशच्या रेघा बघा. सगळ्या सलग असतील, बेस घट्ट, दस्त्याचे स्क्रू घट्ट, तर दोन गोष्टी उरतात. एक पॅरालॅक्स, म्हणजे डोळा हलला की रेटिकल निशाण्यावरून सरकलेलं दिसणं. मोठ्या रायफलींचे बरेच स्कोप १०० यार्डासाठी जुळवलेले असतात. तसा ३२ मिलिमीटर भिंगाचा स्कोप २५ मीटरवर वापरला आणि डोळा प्रत्येक वेळी वेगळ्या जागी टेकला, तर नुसत्या डोक्याच्या जागेने सेंटीमीटरभर फरक पडू शकतो. डोकं किंचित वर-खाली हलवा. रेटिकल काळ्या गोलावरून सरकताना दिसलं तर तेच. एअर रायफलीवर जवळचं अंतर जुळवता येणारा स्कोपच घ्यावा.

दुसरी गोष्ट, स्कोप आतून तुटलेला. चाचणी: पाच गोळ्या, मग २० क्लिक उजवीकडे, पाच, २० वर, पाच, २० डावीकडे, पाच, २० खाली, पाच. कागदावर चौकोन पडायला हवा आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावरच यायला हवा. नाही आला तर रिंगांचा दोष नाही. साधे काडतुसाच्या रायफलीचे स्कोप स्प्रिंगच्या दुहेरी फटक्याने आतून सुटतात, ही वारंवार होणारी गोष्ट आहे.

ट्रिगर, रिसीव्हर, बोल्ट यांच्या आत स्वतः हात घालू नका. ते परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याचं काम.

एक बोलणं राहिलं. हा प्रश्न परदेशात शिकारीच्या रायफलीबद्दल विचारला जातो, पण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकार बंद आहे. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० जूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, त्यावर लागतो. पण परवान्याशिवायची असली तरी ती कबुतरावर किंवा सशावर रोखायची नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट बघायला जाताना साधी दुर्बीण गळ्यात घाला, बंदुकीचा स्कोप नको. आणि ज्या पोरांना १० मीटरच्या स्पर्धेत उतरायचं आहे त्यांना तर दुर्बिणीची सवय लावूच नका. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालत नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं तेही भोकाच्या साइटवर.

भाच्याने परवा फोटो पाठवला. पाच छरे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असे, गोलाच्या मध्यावर. खाली दुसरा फोटो होता, स्क्रूच्या डोक्यांचा. दीडशे छऱ्यांनंतरही नेलपॉलिशच्या आठही रेघा सलग होत्या. मी त्याला लिहिलं, पुढची तपासणी तीनशेला, आणि त्याआधी की हातात घ्यायची नाही.